कृत्तिका मोजण्याइतका अंधार

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की घरातली वडीलधारी माणसे कॅलेंडरचे पान उलटतात आणि कार्तिकस्वामींच्या दर्शनाचा योग किती वाजता लागतो, किती वाजता संपतो, हे पाहून ठेवतात. पौर्णिमा आणि कृत्तिका नक्षत्र एकत्र येतात, तो हा योग. वेळ मिनिटांपर्यंत छापलेली असते आणि तेवढ्या वेळात देवळापुढे रांगा लागतात. पण ज्या कृत्तिकांवरून या महिन्याला कार्तिक नाव पडले, ज्या सहा मातांनी कार्तिकेयाला वाढवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्या आकाशात नेमक्या कुठे आहेत असे विचारले, तर रांगेतले फार थोडे जण बोट दाखवू शकतील. कृत्तिका आपल्या पंचांगात उरल्या आणि नजरेतून गेल्या. हे नुकसान आहे. ते भरून काढणे अजून आपल्या हातात आहे, आणि रायगडच्या किनाऱ्यावर तर विशेष आहे.

शोधायला त्या अवघड नाहीत. मृग नक्षत्रातले बाणाचे तीन तारे बहुतेकांच्या ओळखीचे असतात. त्या तिघांना जोडणारी रेघ एका बाजूला वाढवली की लखलखीत व्याध लागतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी. रोहिणीच्या थोडे पुढे ताऱ्यांचा एक लहानसा झुबका दिसतो, त्या कृत्तिका. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सूर्य मावळण्याच्या सुमारास त्या पूर्वेला उगवतात. जानेवारीच्या मध्यावर रात्री पावणेनऊच्या आसपास अलिबागकरांच्या जवळजवळ डोक्यावर येतात. एप्रिलच्या संध्याकाळी त्या समुद्राकडे कलतात आणि मे महिन्यात सूर्याच्या तेजात हरवतात. होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायचे दिवसही तेच. जूनमध्ये पहाटे पूर्वेला त्या पुन्हा दिसू लागायच्या वेळी मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो.

कृत्तिका किती? पुराणकथा सहा म्हणते. तैत्तिरीय परंपरेत मात्र सात नावे आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका. यांत चूक कुणाचीच नाही. सहा तारे ठळक आहेत आणि सातवा त्यांच्या मानाने बराच मंद, त्याच्यासाठी चांगला काळोख आणि सरावलेली नजर लागते. दुर्बीण यायच्या आधी, १५७९ साली, केप्लरचे गुरू मायकेल मेस्टलिन यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून अकरा तारे नोंदले होते. गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून पाहून १६१० मध्ये छत्तीस तारे काढून दाखवले. आज या गुच्छातल्या ताऱ्यांची संख्या हजारावर गेली आहे. म्हणजे कृत्तिका मोजताना आपण ताऱ्यांबरोबर आपल्या गावचे आकाशही मोजत असतो. सहा दिसल्या तर आकाश बरे, सात-आठ दिसल्या तर उत्तम, आणि जागेवर नुसता पुसट डाग दिसला किंवा काहीच दिसले नाही, तर आपण काहीतरी गमावले आहे.

काय गमावले, हे कळायला कृत्तिका म्हणजे काय ते पाहावे लागते. एका विशाल वायुमेघातून एकाच सुमारास जन्मलेल्या ताऱ्यांचा हा गुच्छ आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, कृत्तिकांचे जेमतेम दहा-बारा कोटी. म्हणून खगोलशास्त्रज्ञ त्यांना तरुण म्हणतात. त्यांतले ठळक तारे निळसर, अतितप्त आणि आपले इंधन भराभर संपवणारे आहेत. पण हे तारुण्य आपल्या मापात बसणारे नव्हे. हरिहरेश्वरचा लाटांनी कोरलेला काळा कातळ, कुलाबा किल्ला ज्यावर उभा आहे तो खडक, सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्याला आपण पुरातन म्हणतो तो हा दगड वितळलेल्या अवस्थेत वाहत होता, तेव्हाही कृत्तिका आकाशात तळपत होत्या. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी तिथून निघाला. त्या वेळी शिवरायांचा जन्म व्हायला अजून चार-पाच दशके अवकाश होता.

हा गुच्छ कायमचा नाही. आकाशगंगेच्या ओढाताणीत येत्या सुमारे पंचवीस कोटी वर्षांत तो विस्कटेल आणि त्यातले तारे आपापल्या वाटेने जातील. आपला सूर्यही अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याची भावंडे केव्हाच पांगली. कृत्तिकांकडे पाहताना आपल्या सूर्याचे बालपण कसे गेले असेल, याचा एक नमुना आपल्याला विनासायास दिसतो. पुस्तकातल्या चित्रावरूनही हे समजते, पण स्वतःच्या अंगणातून पाहिल्यावर ते पटते. आणि पटलेली गोष्टच माणूस जपतो.

आकाश हा पुरावाही आहे. हे महाराष्ट्राला सर्वांत चांगले दाखवून दिले ते एका कोकणी शिक्षकाने. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. रायगडातले मुरुड वेगळे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी हे वाक्य प्रत्यक्ष निरीक्षण म्हणून घेतले. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करतो आणि त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. कृत्तिका बरोबर पूर्वेला कधी उगवत असतील, याचे गणित करून ते इसवी सनापूर्वी सुमारे ३००० या काळाशी पोचले. आज रायगडच्या किनाऱ्यावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, तर त्या सह्याद्रीच्या रांगेवर बऱ्याच डावीकडे, पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवताना दिसतात. दीक्षितांचा निष्कर्ष सर्व विद्वानांना मान्य नाही. तरी हा वाद घालता येतो, कारण ज्या आकाशाबद्दल ते वाक्य आहे ते आकाश आपल्यालाही पाहता येते. जुन्या ग्रंथातले वाक्य तपासायला कुणाही शिक्षकाला, शेतकऱ्याला किंवा शाळकरी मुलीला स्वतःचे डोळे पुरतात, अशी ही दुर्मीळ जागा आहे. तिथे दिव्यांचा पडदा ओढला गेला की हा अधिकार गुपचूप काढून घेतला जातो.

नवी सोय आणतानाही जुने निरीक्षण वाचवता येते, याचा एक मोठा दाखला रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागमध्येच उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने चुंबकसूची विचलित होणार आणि नोंदी निरुपयोगी होणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी मुंबईच्या गडबडीपासून दूर, तरीही पोचता येईल अशी जागा म्हणून अलिबाग निवडले. इमारत बांधताना लोखंड टाळले आणि चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका नीट जोडता येईल. त्यानंतर कुलाब्याचे काम थांबले, ट्राम धावू लागल्या आणि अलिबागची नोंद आजतागायत चालू आहे.

या घटनेत मला फार मोठा शहाणपणा दिसतो. कुणी ट्राम अडवली नाही आणि कुणी विज्ञानाला वाऱ्यावर सोडले नाही. प्रगती हवी होती, म्हणून ती आणली. तिच्यामुळे एक निवांत गोष्ट बिघडणार होती, म्हणून त्या गोष्टीची आगाऊ सोय केली. आधी विचार झाला आणि मग बदल झाला.

काळोखाच्या बाबतीत असा विचार झालेला नाही. अलिबागहून रात्री उत्तरेकडे पाहिले तर खाडीपलीकडच्या मुंबईचा, उरण आणि न्हावा-शेवा बंदराचा उजेड क्षितिजावर साचलेला दिसतो. तो कमी करणे कुणा एका गावाच्या हातात नाही. पण काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन या बाजूला अजून बरा काळोख आहे, आणि तो जातो आहे तो बहुतेक स्थानिक निर्णयांमुळे. चौकातला हायमास्ट, रिसॉर्टच्या कुंपणावरून थेट समुद्राकडे रोखलेले फ्लडलाइट, रात्रभर जळणारे पांढरेशुभ्र एलईडी, सुरूच्या झाडांना गुंडाळलेल्या माळा. यातले काहीही वाईट हेतूने झालेले नाही. वर्षानुवर्षे वीज नसलेल्या वस्तीला दिवा म्हणजे मान वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. रात्री एकटीने घरी येणाऱ्या बाईला, पहाटे बंदरावर मासळी उतरवणाऱ्या कोळणींना उजेड हवाच. त्यांचा उजेड काढून कुणी तारे पाहू नयेत.

पण ज्या प्रकाशाने आकाश बुडते तो त्यांच्या उपयोगाचा नसतो. पायाखालची वाट उजळायला दिव्याचे तोंड खाली लागते. वर गेलेला प्रकाश वाया गेलेली वीज असते आणि तिचे बिल ग्रामपंचायत भरते. किनाऱ्यावरच्या जिवांना तर तो सरळ अपाय करतो. हरिहरेश्वर, दिवेआगर भागात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. रात्री वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात, आणि निसर्गात ते उजळ क्षितिज समुद्राचे असते. मागे रिसॉर्टचा झगमगाट असेल तर ती उलट्या दिशेने जाऊन मरतात. समुद्रातही तेच. पाण्यावर प्रखर एलईडी सोडून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आणि पारंपरिक मच्छीमार आजही तिच्या अंमलबजावणीसाठी झगडत आहेत. अतिप्रकाश हा अत्याचार असू शकतो, हे कोळीवाड्यांना शिकवावे लागत नाही.

अंधाराची भीती नसलेली एक रात्र रायगडला दरवर्षी मिळते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, अंडी. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडके पालथे ठेवायचे आणि भोवती पेंढा-लाकडे रचून जाळ करायचा. शेंगा शिजेपर्यंत अर्धा तास काही काम नसते. जाळाकडे पाठ करून दहा-पंधरा मिनिटे थांबले की डोळे काळोखाला सरावतात. जानेवारीत नेमक्या त्या वेळी कृत्तिका माथ्यावर असतात. मुले बरोबर असतातच. आकाश दाखवायला याहून चांगला वर्ग कोणती शाळा भरवणार? बाहेरून कुठलाही महोत्सव आणायची गरज नाही. फक्त त्या शेतावर शेजारचा फ्लडलाइट पडू नये.

हे स्वप्नरंजनही नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, भारतातली पहिली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे विझवले नाहीत. ते बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळवला. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याला जे जमले ते दुसऱ्याला जमेल. रायगडच्या दक्षिण किनाऱ्याला तर पर्यटनाच्या दृष्टीनेही यात लाभ आहे, कारण दिव्यांच्या माळा मुंबईकराला मुंबईत भरपूर मिळतात, आकाश मिळत नाही.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. या हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री आपल्या गावातून कृत्तिका मोजा, आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि दरवर्षी त्याच जागेवरून पुन्हा मोजा. शाळांनी हे मुलांकडून करून घेतले तर काही वर्षांत आपल्या किनाऱ्याची काळोखाची नोंदवही तयार होईल. दुसरी गोष्ट ग्रामसभेची. ती वर्षातून किमान चार वेळा भरते. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड, समुद्राकडे रोखलेल्या झोतांना मनाई आणि रात्री अकरानंतर शोभेचे दिवे बंद, एवढे चार मुद्दे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत, ही किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला विनंती आहे.