माझा जीव, माझी मर्जी?

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर एका अनोळखी माणसाने मला शर्टाला धरून मागे ओढलं, त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हा राग आला होता, आता लाज वाटते. पण त्यातून निघालेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, जिथे डोंगर थेट समुद्रात घुसतो, तिथे हे देऊळ आहे. मागच्या पायऱ्या चढायच्या, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून खाली कातळावर उतरायचं आणि समुद्राच्या कडेने डोंगराला वळसा घालून परत यायचं. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने हा कातळ पोखरून त्याची मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली आहे. इतकं देखणं आणि इतकं राकट काही मी क्वचितच पाहिलंय. ही वाट फक्त ओहोटीला मोकळी होते. ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी भरती येते आणि ही वेळ रोज जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते.

मी फोनवर वेळ बघूनच गेलो होतो. माझ्या हिशेबाने अजून तासभर हातात होता.

"दादा, पाणी भरायला लागलंय. वळा आता," मागून एक काका म्हणाले.

"दोनच मिनिटं, काका," म्हणत मी फोटोसाठी आणखी कडेला सरकलो.

भरती-ओहोटीचा तक्ता पाण्याची पातळी सांगतो, पुढची लाट केवढी असेल ते नाही. समुद्रात एकाच वेळी वेगवेगळ्या लांबीच्या लाटा धावत असतात. त्यांचे माथे एकत्र जुळले की बऱ्याच शांत लाटांनंतर एखादी अचानक अंगावर येते. तशी ती आली. शेवाळावर माझा पाय सरकला, काकांनी ओढलं आणि पाणी आम्हा दोघांच्याही गुडघ्यांवरून गेलं.

"माझा जीव, माझी मर्जी," असं काहीतरी मी पुटपुटलो होतो.

जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली 'ऑन लिबर्टी'मध्ये असाच एक प्रसंग मांडलाय. कुणी मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकतोय आणि सांगायला वेळच नाही, तर त्याला धरून मागे खेचा. त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नसते. पण पडण्याची खात्री नसून फक्त धोका असेल, तर त्याला सावध करा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. म्हणजे मिलच्या मापाने काका दोन्ही वेळा बरोबर होते. आधी त्यांनी सांगितलं. सांगायला वेळ उरला नाही, तेव्हा ओढलं.

पण धरायला धावणाऱ्याचं काय? काकांचे पायही त्याच शेवाळावर होते. मी हिशेब एकाच जिवाचा केला होता, धोक्यात मात्र दोन होते. डोळ्यांदेखत बुडणाऱ्याला सोडून माणसं जात नाहीत. आपली बेफिकिरी याच चांगुलपणाच्या उधारीवर चालते.

मग वाट बंदच करावी का? मला तसं वाटत नाही. ती कुणाची श्रद्धा आहे, कुणाचं पोट आहे. आणि जी लाट हा कातळ कोरते, तीच माणूसही नेते. सौंदर्य आणि धोका इथे वेगळे काढता येत नाहीत. धोका पत्करायचं स्वातंत्र्य मला हवंच आहे. फक्त त्याची किंमत दुसऱ्याने भरू नये, म्हणून पहिल्या हाकेला थांबणं माझ्याकडे लागतं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. घळीच्या तोंडाशी एक आजोबा म्हणाले, "आज नको." फोन मात्र हो म्हणत होता. मी वरूनच समुद्र बघितला. फोटो फारसे चांगले आले नाहीत.