पाहण्याचा अधिकार

मोहोळच्या एस.टी. स्थानकावर पंढरपूरची गाडी वेळेवर मिळाली, तर आमच्या वहीचे पान कोरे राहते. गाडी चुकली किंवा उशिरा लागली, की अर्धा-पाऊण तास अवचित हाती येतो आणि हात आपसूक शबनम पिशवीतील पेन्सिलीकडे वळतो. आमची बहुतेक रेखाटने अशी परिवहन महामंडळाच्या कृपेने झालेली आहेत. आज चित्र काढावयाचेच, असे ठरवून बसलो की समोरचे सारे निर्जीव होऊन जाते. उलट, वडापच्या जीपमध्ये स्टिअरिंगवर डोके टेकून झोपी गेलेला चालक, पटका सोडून पुन्हा बांधावयास घेतलेला हमाल, ज्वारीच्या पोत्याला टेकून लेकराला पाजणारी मजूर बाई, हे सारे आपण दुसऱ्याच कशाची वाट पाहत असताना समोर येते.

असे रेखाटन दोन-तीन मिनिटांचे असते. समोरचा माणूस आपल्यासाठी थांबलेला नसतो. तो मान वळवतो, उठतो, गाडीत चढून निघूनही जातो. म्हणून आधी त्याचा तोल पकडावा लागतो: भार कोणत्या पायावर आहे, कोणता खांदा खाली आला आहे. नाक-डोळे मागाहून. खरी अडचण मात्र निराळीच असते. हात आपणांस ठाऊक असलेले काढू पाहतो, दिसते ते नव्हे. कान डोक्याच्या कडेला असतो, एवढे ठाऊक असते. तो साधारणतः भुवई आणि नाकाचा शेंडा यांच्या दरम्यान बसतो, आणि तरीही प्रत्येकाचा निराळा असतो, हे पाहिल्यावाचून कळत नाही. मोहोळकरांस हे सांगण्याची खरे तर गरज नाही. याच गावच्या संशोधन केंद्रातून, स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करीत, ‘मालदांडी ३५-१’ हे वाण पुढे आले. सगळी कणसे सारखीच, असे मानणाऱ्याच्या हातून ते झाले नसते.

दोन वर्षांपूर्वी याच स्थानकावर पेरू विकणाऱ्या एका म्हातारीने आम्हांला पकडले. “काय लिव्हताय वो बाबा?” तिने विचारले. आम्ही वही पुढे केली. तिने ती डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, “मला न इचारताच मला घिऊन चाललाव व्हय?” ती हसत होती. आम्ही पान फाडून तिच्या हाती दिले. तिने घडी घालून ते चंचीत ठेवले आणि दोन पेरू आमच्या पिशवीत टाकले. व्यवहार पुरा झाला. तिचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला.

न विचारता एखाद्याकडे टक लावून पाहण्याचा, त्याचे काही कागदावर घेऊन जाण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

गोव्यातील लोटली गावच्या मारिओ मिरांडांची चित्रे आपल्या पुष्कळ घरांतून ठाऊक आहेत. १९२६ साली जन्मलेले मारिओ लहानपणी घराच्या भिंती रंगवीत. अखेर आईने त्यांना वही आणून दिली. पुढे त्यांनी रोजनिशीच चित्रांतून लिहिली. शेजारीपाजारी, लग्नातील वाजंत्री, गावातील उखाळ्यापाखाळ्या, सारे तिच्यात आले. पाद्रीही सुटले नाहीत आणि त्यापायी त्यांना शाळेत बोलणीही खावी लागली. (त्या पाद्र्यांचा राग आम्ही समजू शकतो, आमचे पोटही अलीकडे चित्रात सोपे झाले आहे.) परंतु मारिओंच्या माणसांना कुणी लुटले आहे, असे वाटत नाही. काढणारा त्याच गर्दीत उभा आहे, हे रेषेवरूनच कळते. हसण्याची मुभा गावातल्या माणसाला असते.

दुःखाच्या जागी ही मुभा उरत नाही. १८७९ च्या सप्टेंबरात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची पत्नी कामिय वारली. मृत्युशय्येवरील तिचे चित्र त्याने रंगविले. पुढे अनेक वर्षांनी क्लेमान्सो या मित्रापाशी त्याने कबूल केले की, त्या निश्चल चेहऱ्याकडे पाहताना आपण नकळत निळ्या, पिवळ्या, करड्या छटांचा माग घेत होतो आणि ते ध्यानी येताच आपण हादरलो. शोक करावयाच्या घडीला डोळा आपला धंदा करीत होता.

याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. १६६४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एल्स्ये क्रिस्तियान्स या अठरा वर्षांच्या डॅनिश मुलीला देहदंड झाला. कामाच्या शोधात आलेल्या या पोरीने घरभाड्याच्या भांडणात घरमालकिणीला कुऱ्हाडीने मारले होते. तिचे प्रेत शहरासमोर, पाण्यापलीकडच्या मैदानात खांबाला बांधून ठेवले होते, लोकांना दहशत बसावी म्हणून. वृद्धत्वाकडे झुकलेल्या रेम्ब्राँने तेथे जाऊन तिला दोनदा रेखाटले, एकदा समोरून, एकदा बाजूने. तो परवानगी कोणाची घेणार होता? त्या चित्रांत कुऱ्हाड आहे, दोर आहेत, आणि झोपेतल्यासारखा एका मुलीचा चेहरा आहे. हजारोंनी तिच्याकडे शिक्षा म्हणून पाहिले असेल; एकाने माणूस म्हणून पाहिले.

आता आमची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सुमारे चार वर्षांपूर्वी या भागातील एका वस्तीवर आजाऱ्याला पवित्र तेल लावण्यासाठी आम्हांला बोलावणे आले. गृहस्थ शेतमजुरी करणारे, वय साठीच्या आसपास. प्रार्थना चालू असता आमच्या ध्यानी आले की, आम्ही त्यांच्या जबड्याची रेघ मनात मोजीत आहोत. विधी आटोपला. घरची मंडळी चहाच्या गडबडीत बाहेर गेली. उशापाशी आम्ही एकटेच होतो. पेन्सिल केव्हा हाती आली, कळले नाही. तीन-चार मिनिटांत चित्र झाले; खोटी नम्रता कशाला, आमच्या वहीतले ते सर्वांत चांगले चित्र होते. त्याच रात्री ते आम्ही फाडून चुलीत घातले. ज्या हाताने त्यांच्या कपाळास तेल लावले, त्याच हाताने हे करावे, याची आम्हांला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ वारले.

चित्र जाळले हे योग्यच झाले, असे आम्ही बरेच दिवस समजत होतो. तो समज डळमळला तो मकबूल फिदा हुसेन यांच्यामुळे. ज्या पंढरपूरच्या गाडीसाठी आम्ही खोळंबतो, त्याच गावी १९१५ साली त्यांचा जन्म झाला. ते दीड वर्षाचे असताना आई वारली. तिचे एकही छायाचित्र घरात नव्हते आणि आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हे हुसेन म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेझांवर चित्रमालिका आरंभिली. तीत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, आधार देणारे हात आहेत. पदराखाली जेथे चेहरा असावा तेथे काळोख आहे. पंढरपुरात तेव्हा कुणी एखाद्या दुपारी, न विचारता, त्या माउलीला चार रेघांत पकडून ठेवले असते तर? त्या माणसाला आम्ही चोर म्हटले असते काय?

गेल्या वर्षी त्या शेतमजुराची विधवा आम्हांस मोहोळच्या बाजारात भेटली. नवऱ्याचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये होता. तो मोबाईल विहिरीत पडला. उरला आधार कार्डावरचा, त्यात तो ओळखू येत नाही. “फादर, तुमी चित्रं काढता म्हनं. त्यांना बघितलं हुतं की तुमी.” जाळलेल्या कागदाविषयी आम्ही त्या माउलीला बोललो. ती रागावेल असे वाटले होते. तिने केवळ विचारले, “बरं आलं हुतं का?”

आम्ही हो म्हणालो.

तेथेच, एका दुकानाच्या पायरीवर बसून, आठवणीतून काढून पाहिले. तीनदा काढले. जबड्याची रेघ आली, गालाचा खळगा आला. डोळे कुणा दुसऱ्याचेच येत राहिले. तिसऱ्या कागदाकडे ती बराच वेळ पाहत होती. मग बोट ठेवून म्हणाली, “कान तेवढा त्यांचा हाय,” आणि कागद मागून घेतला.