उथळ पाण्यातला तोल
मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. त्याच पाण्यात पोहता न येणारा पर्यटकही जुजबी तयारीनंतर स्कुबासाठी उतरतो, कारण ‘पाणी उथळ आहे, काही कठीण नाही’ असा भरवसा त्याला मिळालेला असतो. प्रवाळाच्या बाबतीत हा भरवसा चुकीचा आहे. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि तरंगण्यासाठी घातलेल्या जाकिटातली हवा निम्म्यावर येते. पुढच्या दहा मीटरांत ती फक्त आणखी तिसऱ्या हिश्शाने आकसते. म्हणजे सगळ्यात मोठे चढउतार वरच्या थरातच होतात, आणि तोल सांभाळणं नवशिक्याला तिथेच सर्वांत अवघड जातं. नवशिक्या वर येऊ नये म्हणून कमरेला शिसं जास्त बांधलं, की पाय खाली लोंबतात आणि फिन्स खडकाला घासतात. दगडासारखे वाढणारे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. प्रत्यक्ष धक्का नाही लागला, तरी उडालेली रेती त्यांच्यावर बसते आणि ती दूर करण्यात त्यांची शक्ती खर्च होते.

तापलेल्या समुद्रापुढे एका फिनचं काय, असं कुणी म्हणेल. १९९८ आणि २०१६ मध्ये उष्णतेने जगभरचे प्रवाळ पांढरे पडले, हे खरंच आहे. पण पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी निवलं तर तो सावरू शकतो, आणि नेमक्या त्याच काळात त्याला जखम परवडत नाही. शिवाय समुद्राचं तापमान मालवणच्या हातात नाही, फिन्स आहेत. ‘सूचना तर आम्ही देतोच’ हे उत्तरही अपुरं आहे. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत होडीवरच्या छोट्या सूचनेने प्रवाळाला होणारे स्पर्श कमी झाले नाहीत. पाण्याखाली गाईडने वेळीच हस्तक्षेप केला तेव्हा मात्र ते घटले. राहिला पोटापाण्याचा प्रश्न. तो मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण मोसम पावसाळ्याआधीच संपतो आणि होडीवाल्याला फेऱ्या मोजूनच घर चालवायचं असतं. म्हणूनच बंदी नको. आधी रेताड तळावर शिशाचं वजन बेताचं करावं, श्वासावर स्थिर राहता येतं का ते पाहावं, आणि ज्याला जमत नाही त्याला गाईडने धरून खडकापासून अंतरावरूनच मासे दाखवावेत. त्यात जाणाऱ्या जादा वेळाचे पैसे पर्यटकाच्या तिकिटातच धरावेत, होडीवाल्याच्या फेऱ्यांतून कापू नयेत.