घरचे औषध आणि घरचा हट्ट

आपले वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथला तो बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हातांनी कमवावे, लहानसहान दुखणे घरीच बरे करावे, ही त्यांची राहणी आम्ही इस्राएलातही जपली. सर्दीला आल्याचा काढा, घशाला मिठाच्या गुळण्या. जेवणापूर्वी हात धुणे तर धर्मानेच सांगितले. साबण तेवढा आपण लावावा.

पण मूल जुलाबाने मलूल झाले असता ‘दवाखाना कशाला?’ म्हणणे, हे स्वावलंबन की हट्ट? १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे, हे घरचे काम. परंतु डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर तत्काळ डॉक्टर गाठावा. तसेच वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, मग आजीबाईंचा कितीही आग्रह असो.

आपले बळ ओळखणे हे स्वावलंबन. त्याची सीमा ओळखणे हेही स्वावलंबनच, असे आम्हांस वाटते. जीव वाचविण्यासाठी शब्बाथसुद्धा मोडावा, असे आपला धर्म सांगतो. मग बंधुभगिनींनो, आपला हट्ट त्याहून पवित्र आहे काय?