नोझल आणि अहिंसा

गोल्फचे मैदान किंवा क्रिकेटचे आउटफील्ड हिरवेगार राखायचे तर कधी बुरशीनाशक, कधी तणनाशक मारावे लागते. गाडीवर टाकी, टाकीला जोडलेला लांब आडवा बूम आणि बूमवर ओळीने बसवलेली नोझल, असे त्याचे यंत्र. ते चालवणाऱ्याच्या मनात कुणाविषयी वैर नसते. शेजारच्या तळ्यातले मासे मरावेत किंवा मातीतली गांडुळे संपावीत, असे त्याला मुळीच वाटत नाही. तरीही तसे घडले तर त्याला हिंसा म्हणायचे का? हेतू निर्मळ होता, एवढ्यावर सुटका होते का? या प्रश्नाचा फार काटेकोर विचार जैन आचार्यांनी केला आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाची, म्हणजे बेफिकिरीची, अट जोडली. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात हाच विचार आणखी धारदार होतो: गाफील माणूस कुणी मेले नाही तरी हिंसेचा धनी ठरतो आणि पूर्ण सावध माणसाकडून नकळत जीव गेला तरी तेवढ्याने त्याला कर्माचा बंध लागत नाही. ही कसोटी मानली तर फवारणी यंत्राची जुळवणी आणि निगा केवळ मेकॅनिकची बाब उरत नाही. फवारणाऱ्याच्या अहिंसेची परीक्षा तिथेच होते.

यंत्रातली चूक कशी होते ते आधी पाहू. बूमवर नोझल साधारण 50 सेंटिमीटर अंतरावर असतात. 110 अंशांचा पंखा फेकणारे नोझल गवतापासून तेवढ्याच उंचीवर ठेवले की शेजारशेजारचे फवारे एकमेकांत नीट मिसळतात. बूम खाली आला तर पट्टे उमटतात, वर गेला तर बारीक थेंब वारा घेऊन जातो. एका नोझलमधून मिनिटाला 1.6 लिटर द्रावण पडते आणि गाडी ताशी 5 किलोमीटरने चालते असे धरले, तर हेक्टरी 384 लिटर बसतात. चढावर वेग 4 किलोमीटरवर आला आणि प्रवाह आपोआप जुळवणारी सोय गाडीवर नसली, तर तेच 480 होतात. टाकीत कुणी थेंबभर औषध वाढवलेले नाही, पण गवतावर सव्वापट पडले. नोझलचे छिद्र भुकटीच्या औषधांनी झिजते आणि ती झीज डोळ्यांना दिसत नाही. ती पकडण्याची रीत साधी आहे: टाकीत स्वच्छ पाणी, ठरलेले प्रेशर, प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे आणि हातात घड्याळ. मिनिटभरात नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी जमले, तर ते नोझल काढून टाकायचे. प्रेशर वाढवून सगळे सावरता येईल हा भ्रम आहे. प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट लागतो आणि वाढत्या दाबाने थेंब बारीक होऊन भलतीकडे उडतात.

या चुकांमध्ये एक साम्य आहे. त्यांत दुष्ट हेतू नाही, त्या घडताना दिसत नाहीत आणि गाडी फिरेल तितक्या वेळा त्या पुन्हा घडतात. जादा मात्रेने गवत करपले तर काही दिवसांनी पिवळा पट्टा तरी दिसतो. तळ्यात उतरलेल्या औषधाचा पट्टा कुठेच उमटत नाही. म्हणजे नंतरच्या पश्चात्तापाला इथे फारसे काम नाही. जे करायचे ते फवारणीच्या आधीच. जैन साधूंसाठी सांगितलेल्या पाच समिती, म्हणजे सावध वागण्याच्या रीती, नेमक्या अशा आधीच्या सावधपणाच्या आहेत. चालताना पुढची चार हात जमीन पाहावी, वस्तू उचलताना-ठेवताना पाहावे, टाकायचे ते निर्जीव जागी टाकावे. करुणा बाळगा एवढे सांगून ही परंपरा थांबली नाही. तिने हातापायांना शिस्त लावली. तुंबलेले नोझल तारेने न कोरता, तोंडाने न फुंकता मऊ ब्रशने साफ करणे, काम संपल्यावर टाकी तीनदा विसळून ते पाणी गटारात न सोडता फवारलेल्याच गवतावर पातळ फवारणे, ही त्याच जातीची शिस्त आहे.

यावर पहिला आक्षेप असा की मुळात विष मारायचे आणि ते मापून मारले म्हणून पुण्य सांगायचे, हा दांभिकपणा झाला. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा धंद्यांत विषाचा व्यापार आहेच. आक्षेप पोकळ नाही. पण याच परंपरेने ठरवून केलेली हिंसा आणि उपजीविकेत अटळपणे होणारी हिंसा वेगळी मानली. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी शिकवलेल्या सहा व्यवसायांत शेतीही आहे आणि कोल्हापूर-सांगलीकडचे जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन नांगरत आले आहेत. गृहस्थाला शून्य हिंसा शक्य नाही, कमीत कमी हिंसा शक्य आहे. आणि किती केली हे ज्याला माहीत नाही त्याला ती कमी करता येत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मैदानाचे गवत हे अन्न नाही. ते थोडे पिवळे पडले तर कुणी उपाशी राहत नाही. म्हणून ‘आज फवारायलाच हवे का?’ हा प्रश्न इथे शेतापेक्षा कठोरपणे विचारला पाहिजे. मापाने त्या प्रश्नातून सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. स्टिअरिंगवर बसलेला रोजंदारीचा माणूस दोषी, की झिजलेली नोझल बदलायला पैसे न देणारे व्यवस्थापन? जैन विचारात कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेले, करवलेले आणि संमती दिलेले, असे तिन्ही कर्त्याच्या खाती जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा मजुरांनी मास्क आणि हातमोजे का घातले नाहीत यावर बरेच बोलले गेले. औषध विकणारा, पंप पुरवणारा, काम सांगणारा यांची खाती मात्र तितक्या आवर्जून उघडली गेली नाहीत. युरोपीय संघाच्या 2009च्या निर्देशाने वापरातल्या फवारणी यंत्रांची तपासणी सक्तीची केली आणि 2020नंतर दोन तपासण्यांत तीन वर्षांहून जास्त अंतर नको असे ठरवले. हे चांगलेच आहे, पण नोझल आज सकाळीही तुंबू शकते. दोन तपासण्यांमधले सगळे दिवस कायद्याच्या नजरेबाहेरचे असतात आणि ते चालवणाऱ्याच्या व मालकाच्या विवेकावरच सोडावे लागतात.

शेवटचा आक्षेप भाविकांचा: अहिंसा म्हणजे हृदयातली दया, तिला लिटर-मिनिटांच्या हिशेबात बसवले की ती आटते. दया नसेल तर भांडे धरून मोजायची तसदी कुणी घेणार नाही, हे खरे. पण न मोजणाऱ्याची दया माशापर्यंत पोचत नाही. माशापर्यंत पोचते ते जास्तीचे औषध. ज्या जिवांना आपण कधी पाहणार नाही आणि जे कधी तक्रार करणार नाहीत, त्यांच्याशी आपला संबंध केवळ आपल्या साधनांमधून येतो. म्हणून साधन तपासायचा कंटाळा हा त्यांच्याबाबतीत निरुपद्रवी आळस ठरत नाही. प्रमादाला हिंसेच्या व्याख्येत बसवणाऱ्यांनी हेच ओळखले होते.