दूरदेशी भेटलेला शेजारी
चौदाव्या शतकातील मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता याच्या ‘रिहला’त, म्हणजे 1355 च्या सुमारास त्याने सांगून लिहवून घेतलेल्या प्रवासवर्णनात, चीनमधील एका नगरीत अल्-बुश्री नावाच्या श्रीमंत गृहस्थाशी अवचित पडलेली गाठ वर्णिली आहे, तो इब्न बतूताच्या टँजिअरजवळच्याच सेउताचा निघाला, आणि परमुलखात भेटलेल्या त्या शेजाऱ्यांना रडू आवरेना. या चीनप्रवासाविषयी काही अभ्यासकांना शंका आहेत, तरी त्या अश्रूंतला आनंद अस्सल वाटतो. पुढे सहाराच्या उत्तर कडेवरील सिजिलमासा येथे याच गृहस्थाच्या भावाने इब्न बतूताला आपल्या घरी उतरवून घेतले, हे तर विलक्षणच. मात्र व्यापारी, विद्वान आणि यात्रेकरू त्याच वाटांनी व त्याच सरायांतून, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या वास्तूंतून, फिरत असल्याने अशा भेटींना वाव मिळे.