न करण्याचं फळ

सर्व्हरच्या आत एक छोटा गणक असतो, वॉचडॉग टायमर. तो उलटा मोजतो, समजा साठ सेकंदांपासून खाली. शून्यावर आला की कुणाला न विचारता अख्खं मशीन रिसेट करतो. ते टाळायचं तर मशीनवरच्या प्रोग्रामनं अधूनमधून ‘मी चालू आहे’ एवढं त्याला कळवायचं, म्हणजे मोजणी पुन्हा साठावर जाते. लिनक्समध्ये त्यासाठी एक खास फाइल आहे. ती उघडली की मोजणी सुरू होते, तिच्यात काहीही लिहिलं की पहिल्यापासून. गणकाचं मोजणं प्रोग्रामच्या भरवशावर नसतं, म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, गोठला तरी तो मोजतच राहतो.

कळवल्याबद्दल प्रोग्रामला काही मिळत नाही. मशीन जलद होत नाही, काम पुढं सरकत नाही. कळवायचं राहिलं तर मात्र रिसेट. केल्याचं फळ नाही आणि न केल्याचं आहे, असं कर्म मी लहानपणापासून घरात पाहत आलोय. आम्ही वाईचे. आजोबांना आम्ही अप्पा म्हणायचो, ते मीमांसा शिकलेले. मुंज झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, “अप्पा, संध्या केली की काय मिळतं?”

“काही नाही.”

“आणि नाही केली तर?”

“प्रत्यवाय लागतो.”

मीमांसकांत यावर बारीक मतभेद आहेत, पण गाभा हाच. पाऊस हवा म्हणून कारीरी इष्टी करायची ते काम्य कर्म, त्याला फळ आहे. संध्या, अग्निहोत्र ही नित्य कर्मं. ती चुकवली की दोष लागतो.

शंकराचार्यांनी यावर घेतलेला आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. गीताभाष्यात ते विचारतात, न करणं म्हणजे नुसता अभाव, मग अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट उपजेल कशी? तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात ते पुढं जातात. विहित कर्म सुटणं हे दोषाचं कारण नव्हेच, आधी साचलेल्या दोषाचं ते लक्षण आहे. हे मी कॉलेजात असताना अप्पांपुढं मांडलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “संध्येच्या वेळी संध्या केली नाहीस, तेव्हा दुसरं काहीतरी करत होतासच ना? ते कुठं अभाव आहे?”

हा वाद निव्वळ पोथीतला नाही, हे मला पाथफाइंडरच्या हकिकतीनं पटवलं. ४ जुलै १९९७ला नासाचं हे यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्यातला संगणक पुनःपुन्हा रिसेट होऊ लागला. तिथला पहारेकरी सॉफ्टवेअरमधला होता, पण तत्त्व तेच: ठरल्या वेळेत माहितीच्या वाटपाचं काम पुरं झालं नाही की रिसेट. ज्या टास्कचं काम राहिलं ती सर्वांत महत्त्वाच्या टास्कांपैकी एक होती, आणि तिचा काहीही दोष नव्हता. तिला हवं असलेलं, एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप हवामानाची निरीक्षणं नेणाऱ्या एका कनिष्ठ टास्ककडं होतं. ती कनिष्ठ टास्क कुलूप सोडणार, एवढ्यात संपर्काचं लांबलचक काम करणारी मधल्या दर्जाची टास्क तिला बाजूला सारून प्रोसेसर घेऊन बसायची. प्रत्येक जण आपापला धर्म पाळत होता. चुकलेलं काम हे लक्षण, दोष आधीच रचनेत बसलेला. इथं आचार्य बरोबर. पण त्या वेळात दुसरंच कुणीतरी काम करत होतं, म्हणजे अप्पाही बरोबर.

लिनक्सच्या वॉचडॉगमधून बाहेर पडायची सोय आहे. फाइल बंद करण्याआधी तिच्यात ‘व्ही’ हे अक्षर लिहायचं, मग मोजणी थांबते. न लिहिता प्रोग्राम मेला किंवा निघून गेला, तर मोजणी चालूच. विधिपूर्वक संन्यास घेतलेल्याला नित्य कर्म सुटल्याचा दोष नाही, नुसतं सोडून देणाऱ्याला आहे, असं आपली शास्त्रं म्हणतात ते हेच. आणि ‘नो वे आउट’ असा पर्याय लावला, की ते अक्षर लिहूनही सुटका नाही. अग्निहोत्र जिवंत असेपर्यंत, असं ठासून सांगणारा मीमांसक माझ्या डोळ्यांपुढं उभा राहतो. दूरच्या मशीनवर मी हाच पर्याय लावतो. तिथं मी मीमांसकांच्या बाजूचा आहे.

पण वॉचडॉगला कळवण्याची ही संध्या कुणी करायची? घाटातल्या पावसाची नोंद घेणाऱ्या एका मशीनवर मी पाहिलं, की दर दहा सेकंदांनी वॉचडॉगला कळवणारा एक वेगळा, चिमुकला प्रोग्राम ठेवला होता. नेटवर्कवरून ‘पिंग’ केलं की उत्तर येत होतं, मशीन महिनोन्‌महिने न थांबता चालू दिसत होतं. डिस्कवरची शेवटची पावसाची नोंद मात्र ऐन जुलैत थांबलेली. मोजणारा प्रोग्राम अडकून पडला होता आणि त्याच्या नावानं दुसराच हजेरी लावत होता. ओठांनी संध्येतली विष्णूची चोवीस नावं म्हणताना मन भलतीकडं असलं, तर अप्पा पुन्हा आचमनापासून सुरुवात करायला लावायचे. आता माझ्या मशीनवर पर्जन्यमापकाचं वाचन झालं, ते डिस्कवर लिहिलं गेलं आणि परत वाचून जुळलं, तरच वॉचडॉगला कळवलं जातं. पाऊस शून्य असला तरी तो शून्य लिहावा लागतो.

रिसेटला प्रायश्चित्त मानायला मी तयार नाही. प्रायश्चित्तात काय घडलं ते आधी उच्चारावं लागतं, आणि रिसेट तर नेमकी तीच स्मृती पुसतो. पाथफाइंडर रिसेटनं सावरत होता, सुधारत नव्हता. तो सुधारला तो पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर तोच बिघाड पुन्हा घडवून, त्याचा माग काढल्यावर. कनिष्ठ टास्ककडं कुलूप असेल तोवर वाट पाहणाऱ्या ज्येष्ठ टास्कचा दर्जा तिला मिळावा, अशी सोय त्या प्रणालीत आधीपासून होती. ती चालू करणारा बदल तेवढा मंगळावर पाठवावा लागला. म्हणून माझं मशीन उठलं की आधी मागचा रिसेट वॉचडॉगनं केला होता का, हे हार्डवेअरला विचारतं आणि अडकण्याआधीच्या शेवटच्या ओळींसह ते माझ्याकडं पाठवतं. पाऊस मोजणं त्यानंतर.